व्हीलचेअरचं स्टिकर म्हणजे परवाना नव्हे. दिव्यांगांच्या राखीव पार्किंगचा नियम नेमका काय?

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याही सरकारी आवारात जाऊन बघा. रुग्णालय घ्या, बसस्थानक घ्या, नाहीतर तहसील कचेरी घ्या. दरवाजाजवळ, रॅम्पच्या शेजारी निळ्या रंगाची एक चौकट आखलेली असते. त्यात पांढऱ्या रंगानं चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं चित्र असतं. पण ते चित्र सहसा दिसतच नाही, कारण त्याच्यावर सात-आठ मोटारसायकली उभ्या असतात. कुठं साहेबांची पांढरी गाडी असते, तर कुठं वाळूच्या कारवाईत पकडलेली ट्रॉली महिनोन् महिने गंजत पडलेली असते.

ही जागा कुणाची, तिथं गाडी लावायला कसला परवाना लागतो, तो कुठं मिळतो आणि दुसऱ्यानंच जागा अडवली तर कुणाकडं जायचं, हे प्रश्न गेल्या काही महिन्यांत बऱ्याच वाचकांनी फोन करून विचारले. एका वाचकानं तर गाडीच्या काचेवर लावलेल्या स्टिकरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, हे चालतंय का?" म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय.

ती चौकट एवढी मोठी का असते?

पुष्कळ लोकांना वाटतं की ही जागा म्हणजे दिव्यांगांना दिलेली एक सवलत आहे. एसटीच्या तिकिटात जशी सवलत, तसलाच प्रकार. तसं नाही. जागेचं माप बघितलं की गोष्ट लक्षात येते.

साधी चारचाकी लावायला साधारण अडीच मीटर म्हणजे आठ फूट रुंदीची जागा धरतात. दिव्यांगांसाठीच्या जागेची रुंदी कमीत कमी ३.६० मीटर म्हणजे जवळजवळ बारा फूट असावी असा नियम आहे. ही वरची चार फूट जागा कशासाठी? गाडीचं दार पूर्ण उघडायचं, बाजूला व्हीलचेअर लावायची, हाताच्या जोरावर सीटवरून खुर्चीत सरकायचं आणि मग खुर्ची वळवून रॅम्पकडं न्यायची, एवढं सगळं त्या चार फुटांत होतं. तुम्ही-आम्ही अर्ध्या उघडलेल्या दारातून अंग चोरून बाहेर पडतो. ज्याच्या कमरेखाली ताकद नाही त्याला ते जमत नाही. शेजारच्या गाडीनं ही चार फूट अडवली तर तो माणूस गाडीतच अडकतो, किंवा परत आल्यावर गाडीत बसूच शकत नाही.

म्हणून "मी चौकटीत कुठं लावली, जरा कडेला लावली" असं जे म्हणतात, त्यांनी खरं म्हणजे कामाचीच जागा अडवलेली असते. तिरक्या पट्ट्या मारलेला जो रिकामा भाग दिसतो, तो मोटारसायकलीसाठी सोडलेला नाही. खुर्चीसाठी सोडलेला आहे.

आपल्या राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यात हे माप लिहिलेलं आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर बाकी महाराष्ट्राला ती लागू होते. लोकांची ये-जा असलेल्या इमारतीत प्रवेशद्वाराजवळ दोन गाड्यांची जागा दिव्यांगांसाठी ठेवायची, ती दारापासून ३० मीटरपेक्षा लांब नको, आणि ही जागा राखीव आहे असा फलक ठळक दिसेल असा लावायचा, असं त्यात म्हटलं आहे. ३० मीटर म्हणजे शंभर फूट. काही ठिकाणी ही चौकट मागच्या भिंतीला, कचराकुंडीच्या शेजारी काढून ठेवलेली असते. ती फक्त तपासणीच्या फोटोपुरती.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे, जी शहरात बसून नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फारशी नसावी. गावाकडचा दिव्यांग माणूस चारचाकीतून कमीच येतो. तो येतो बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर, नाहीतर हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर. ही गाडी साध्या मोटारसायकलीच्या रांगेत बसतच नाही, कारण तिची रुंदी दीडपट-दुप्पट असते. ती मागं ढकलून काढता येत नाही, कारण ढकलायला पाय लागतात. तेव्हा त्या स्कूटरवाल्याला कुणी म्हणालं की "ही जागा चारचाकीची आहे, तू तिकडं लाव," तर ते ऐकू नका. चित्र माणसाचं आहे, गाडीचं नाही.

परवाना कुठं मिळतो?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. थोडक्यात सांगायचं तर आपल्या देशात सगळीकडं चालेल असा, पार्किंगसाठीचा वेगळा एकच परवाना नाही.

परदेशात आहे. इंग्लंडमध्ये त्याला ब्लू बॅज म्हणतात. तिथली स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था, अर्ज तपासून तो देते. तो जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. मुख्य गोष्ट अशी की तो बॅज माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. तो माणूस आज मुलाच्या गाडीत बसला आणि उद्या टॅक्सीत बसला, तरी बॅज त्या गाडीत ठेवून राखीव जागा वापरता येते. पण तो माणूस सोबत नसताना घरच्यांनी त्याचा बॅज लावून बाजार केला तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे असले तरी आरशाला अडकवायचं निळं कार्ड असतं. आपल्या गावची जी मुलं तिकडं नोकरीला आहेत, ती सुट्टीला आली की हे सांगतात, आणि मग इथं लोकांना वाटतं की आपल्याकडंही आरटीओत असं कार्ड मिळत असेल. तर तसं कार्ड आरटीओत मिळत नाही.

आपल्याकडं जे मिळतं ते स्टिकर. रेडियमवाल्याकडं वीस-तीस रुपयांत व्हीलचेअरचं चित्र चिकटवून मिळतं. तो कुणाला काही विचारत नाही, आणि त्यानं विचारावं असा नियमही नाही. ते स्टिकर लावल्यानं कसलाही हक्क मिळत नाही. खऱ्या दिव्यांग व्यक्तीनं ओळखू यावं म्हणून लावलं तर उपयोग आहे, मागचा गाडीवाला जरा अंतर ठेवतो. पण तो परवाना नाही. धडधाकट माणसानं ते लावून राखीव जागा वापरली तर तो सरळ सरळ खोटेपणा आहे.

मग हक्क दाखवायचा कशानं? आपल्याकडं कागद दोन आहेत.

पहिला म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारं युडीआयडी कार्ड. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, रुग्णालयात तपासणी होते आणि कार्ड येतं. कार्डावरच्या रंगावरून टक्केवारी कळते. पांढरा रंग ४० टक्क्यांच्या खाली, पिवळा ४० ते ८० च्या आत आणि निळा ८० टक्के व त्याच्या पुढं. सरकारच्या बहुतेक योजनांना ४० टक्क्यांची अट असते. या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये कायम ठेवा, आणि एक रंगीत झेरॉक्स लॅमिनेशन करून गाडीत ठेवा.

दुसरा कागद गाडीचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी बनवलेल्या किंवा बदल केलेल्या गाडीची स्वतंत्र व्याख्या आहे. स्कूटरला बाजूची चाकं बसवली, किंवा कारचा क्लच-ब्रेक हातानं चालेल असा केला, तर त्याची आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गॅरेजवाल्यानं चाकं बसवून दिली म्हणजे झालं, असं नाही. त्याच व्याख्येत पुढं असंही म्हटलं आहे की ती गाडी फक्त त्या व्यक्तीनं वापरलेली किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरलेली असली पाहिजे. म्हणजे वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन पोरगा मित्रांबरोबर सिनेमाला गेला, तर त्या वेळेपुरती ती दिव्यांगांची गाडी राहत नाही.

२०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाडी नोंदणीच्या अर्जात म्हणजे फॉर्म २० मध्येही बदल केला. मालकीचा प्रकार लिहायच्या रकान्यात "दिव्यांगजन" असा पर्याय आला. नवी गाडी घेताना शोरूमवाला हा रकाना घाईत भरून टाकतो. तिथं लक्ष द्या, कारण पुढं टोलमाफीच्या फास्टॅगसारख्या कामांना आरसीवरची नोंदच बघतात. काचेवरचं स्टिकर कुणी बघत नाही.

दिसत नाही म्हणून नाही, असं नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. त्यात हातापायाचं दिव्यांगत्व आहेच, पण पार्किन्सन्स आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहे. यातला माणूस गाडीतून उतरताना चांगला दिसू शकतो. पन्नास पावलं चालल्यावर त्याला बसावं लागतं.

हे मुद्दाम लिहितोय, कारण मध्यंतरी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंचा व्हिडिओ फिरत होता. "धडधाकट बाई दिव्यांगांच्या जागेत गाडी लावते" असं खाली लिहिलेलं. त्या बाईंना नेमकं काय आहे हे व्हिडिओ काढणाऱ्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. जागा अडवणाऱ्याला जाब विचारा, जरूर विचारा. पण आधी साधा प्रश्न विचारा, "ताई, तुमच्याबरोबर दिव्यांग कुणी आहे का?" हो म्हणाल्या तर विषय तिथंच संपवा. कार्ड बघायचा अधिकार पोलिसाला किंवा आवाराच्या अधिकाऱ्याला आहे, तुम्हा-आम्हाला नाही.

आणि कुणी फसवणूक करून हा लाभ घेत असेल तर त्यासाठी कायद्यात कलम ९१ आहे. ठरावीक टक्केवारीच्या दिव्यांगांसाठी असलेला लाभ लबाडीनं घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटं प्रमाणपत्र काढून ते मिरवणाऱ्यांनी एवढं कलम वाचून ठेवावं.

खरी अडचण आवाराच्या आतली

रस्त्यावर कुणी नो पार्किंगमध्ये गाडी लावली तर वाहतूक पोलीस चलान करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केलं तर १५०० रुपये. गाडी उचलून न्यायचीही सोय कायद्यात आहे. पण आपल्या तालुक्यांमध्ये रस्त्यावर राखीव चौकट कितीशी असते? जवळजवळ सगळ्या चौकटी रुग्णालय, बसस्थानक, बँक, तहसील, पंचायत समिती यांच्या कंपाउंडच्या आत. तिथं वाहतूक पोलीस रोज फिरत नाही. हे बघणं त्या आवाराच्या प्रमुखाचं काम असतं आणि त्याला ते आपलं काम वाटत नाही. सगळी गाडी इथंच अडते.

मागच्या मे महिन्यात बातमीसाठी एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. त्या दिवशी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी होती, म्हणजे तालुकाभरातून दिव्यांग लोकच यायचे होते. तरी रॅम्पजवळच्या दोन्ही चौकटी भरलेल्या. एकीत मोटारसायकली, दुसरीत एक कार. शेजारच्या गावचे एक काका, लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, बाजूच्या चाकांची स्कूटर घेऊन आले. वॉचमननं त्यांना गेटबाहेर लिंबाखाली गाडी लावायला सांगितली. काका म्हणाले, आत जागा आहे ना राखीव. तो म्हणाला, "ती साहेबांची गाडी आहे, मी कसं सांगू?"

गेटपासून दारापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. काका हातात चपला घालून, तापलेल्या काँक्रीटवरून, बसल्या बसल्या सरकत गेले. आम्ही दोघं-तिघं उचलून न्यायला पुढं झालो, तर नको म्हणाले. दारात पोचल्यावर हात झटकत मला म्हणाले, "पाय नाहीत ह्याचं आता काही वाटत नाही बाबा. स्कूटर घेतली तीच मुळात कुणी उचलू नये म्हणून."

आत त्यांचं प्रमाणपत्राचं काम झालं. चालता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

वॉचमनला दोष देण्यात अर्थ नाही. कंत्राटी माणूस, साहेबांच्या गाडीला हात लावला तर उद्या कामावरून जाईल. ज्याच्या सहीनं आवार चालतं त्यानंच हे ठरवायला हवं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक, बसस्थानक असेल तर आगार व्यवस्थापक, तहसील असेल तर तहसीलदार, नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर मुख्याधिकारी, बँक असेल तर शाखा व्यवस्थापक. तक्रार करायची ती ह्यांच्या नावानं. तहसीलच्या आवारात जप्त ट्रॉल्या ठेवायला दुसरी जागा नाही हे मान्य, पण रॅम्पच्या तोंडाशीच ठेवायच्या हे कुठल्या नियमात बसतं ते एकदा लेखी विचारायला हरकत नाही.

बसस्थानकाची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्यातलं कलम ४१ बसथांबे, रेल्वे स्टेशन आणि विमानतळ यांचं नाव घेऊन सांगतं की तिथल्या सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा असल्या पाहिजेत. त्या सोयींच्या यादीत स्वच्छतागृह आणि तिकीट खिडकीबरोबर पार्किंगची जागाही लिहिलेली आहे. त्यामुळं "आमच्याकडं तसला काही आदेश नाही" हे उत्तर बसस्थानकात चालत नाही.

चौकटच काढलेली नसेल तर?

पुष्कळ ठिकाणी हीच स्थिती आहे. नवी इमारत असेल तर कलम ४४ बघा. दिव्यांगांच्या सोयीचे नियम नकाशात पाळलेले नसतील तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही, आणि बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही, असं ते कलम सांगतं. खासगी हॉस्पिटल, मंगल कार्यालय, कॉम्प्लेक्स यांनाही हे लागू आहे. गेल्या पाच-सात वर्षांत आपल्या बायपासला जी मोठमोठी मंगल कार्यालयं उभी राहिली, त्यातल्या किती ठिकाणी दारासमोर चौकट आहे ते लग्नाला गेल्यावर बघा. तिथं डीजेची गाडी उभी असते.

जुन्या सरकारी इमारतींना कायद्याचे नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.

त्यातच ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये याचिका केली होती. त्यात न्यायालयानं म्हटलं की, कायद्यात सोयी सक्तीच्या आहेत, पण सरकारनं केलेला नियम क्रमांक १५ निव्वळ मार्गदर्शक सूचनांसारखा आहे, जमलं तर करा अशा थाटाचा. म्हणून त्यातला पहिला भाग न्यायालयानं रद्द ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की, "या फक्त सूचना आहेत हो" असं कुणी अधिकारी म्हणाला तर या निकालाचं नाव घ्यावं.

कायदा मोडणाऱ्या संस्थेला कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

शहराच्या बाजारपेठेत रस्त्यावर चौकट हवी असेल तर ती कुणालाही आपल्या मनानं काढता येत नाही. रस्त्यावरची पार्किंगची जागा ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं असतो आणि त्यात नगरपरिषदेचा सल्ला घ्यायचा असतो. तेव्हा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडं आणि एक प्रत पोलीस ठाण्याच्या वाहतूक शाखेकडं द्यायची. दुकानापुढं स्वतःच निळा रंग मारून, तिथं रोज स्वतःचीच गाडी लावणारे हुशार लोकही असतात. असल्या चौकटीला कायद्यात काही किंमत नाही.

गावात ग्रामपंचायत कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेशन दुकान, अशा ठिकाणी हा विषय ग्रामसभेत मांडता येतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात हे आपण सगळे ऐकून आहोत. दरवर्षी ते पैसे वाटून संपतात किंवा पडून राहतात. निळा-पांढरा रंग, एक लोखंडी फलक आणि दारापुढचा खड्डा बुजवायला मुरूम, ह्याला काही लाखांचं बजेट लागत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, ठराव घ्या.

जागा अडवलेली दिसली तर काय करायचं

टायरची हवा सोडायची नाही. काचेवर लिहायचं नाही. पोरं असं करतात आणि मग गुन्हा त्यांच्यावरच येतो.

मोबाईल काढा आणि असा फोटो घ्या की एकाच फोटोत निळं चिन्ह किंवा फलक आणि गाडीची नंबर प्लेट दोन्ही दिसेल. नुसत्या गाडीचा फोटो कामाचा नाही. दुसरा फोटो लांबून घ्या, म्हणजे ते कुठल्या इमारतीसमोर आहे ते कळेल. फोटोत माणसाचं तोंड घ्यायची गरज नाही.

रस्त्यावरची गोष्ट असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नियम मोडणाऱ्याचा फोटो पाठवता येतो. आवारातली असेल, किंवा चौकट-रॅम्पच नसेल, तर केंद्र सरकारचं सुगम्य भारत ॲप आहे. ते २०२१ मध्ये आलं आणि अशाच तक्रारींसाठी आहे. फोटो आणि ठिकाण टाकून तक्रार नोंदवता येते. राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

पण माझा अनुभव विचाराल तर ॲपवर तक्रार टाकाच, आणि जोडीला एक कागदही द्या. कागदाला फाईल लागते, फाईलला उत्तर द्यावं लागतं. अर्ज लांबलचक नको. "आपल्या कार्यालयाच्या आवारात दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेत अमुक तारखेला अमुक वेळी या क्रमांकाची वाहनं उभी होती. फोटो जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ही जागा मोकळी ठेवण्यासाठी काय व्यवस्था केली आहे आणि त्याची जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्याकडं आहे, ते लेखी कळवावं." एवढं पुरे. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जबाबदार माणसाचं नाव विचारलं की कचेरीत हालचाल होते.

पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही तर माहिती अधिकारात तोच प्रश्न टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. "राखीव जागेचा नकाशा, तिचं माप आणि फलक लावल्याच्या खर्चाची नोंद" मागा. कागदावर चौकट आहे आणि जागेवर नाही, असंही निघू शकतं.

त्याच्याही वर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे. या आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. माणसाला बोलवता येतं, कागद मागवता येतात. त्यांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली तर त्या कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि मान्य नसेल तर का नाही हे तीन महिन्यांच्या आत आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवायचं. अर्ज साध्या पोस्टानं न पाठवता स्पीड पोस्टानं पाठवा. दिव्यांगांसाठी राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र विभागच आहे, त्यामुळं आता समाजकल्याणकडं बोट दाखवून चालत नाही.

आणखी एक. जागा मागायला गेलेल्या दिव्यांग माणसाला चारचौघांत व्यंगावरून शिवी देणं, हिणवणं, दमदाटी करणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम ९२. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. असं झालं तर त्या वेळी तिथं कोण कोण होतं त्यांची नावं लिहून घ्या आणि थेट पोलीस ठाण्यात जा. तातडीची वेळ असेल तर ११२ लावा.

ड्रायव्हर आणि घरच्यांसाठी

आजीला किंवा भावाला व्हीलचेअरवरून आणलं असेल तर राखीव जागेत गाडी लावायला बिलकूल संकोच नको, ती जागा त्यासाठीच आहे. पण त्यांना आत सोडून तुम्ही दुसऱ्या कामाला निघणार असाल, दिवसभराचं काम असेल, तर गाडी काढून साध्या जागेत लावा आणि न्यायच्या वेळी परत आणा. असा काही लेखी नियम नाही, हे माझं मत आहे. जागा दोनच असतात आणि तपासणीच्या दिवशी माणसं पन्नास येतात.

दुचाकीवाल्यांचं "दोनच मिनिटं" हे मात्र कुठल्याही दिवशी चालत नाही. केसपेपर काढायला दोन मिनिटं लागत नाहीत, हे ज्यांनी केसपेपर काढलाय त्यांना माहीत आहे.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तरी आवक विभागात अर्ज द्यायला साहेब लागत नाहीत. पोच घेतलेल्या प्रतीचा आणि जागेचा फोटो आपल्या पोर्टलच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवला तर आम्ही त्या कार्यालयाची बाजू विचारून बातमी लावू. अर्जदाराचं नाव छापायचं की नाही हे अर्जदारानंच सांगावं.